लखी जो

मुस्तनसिरभाईंच्या दुकानाला पाटी होती,
पण तिच्यावरची अक्षरं रावपुऱ्याच्या उन्हानं
कधीच वाचून संपवली होती.
मी म्हणायचे, "टोपीवाल्यांकडे जाऊन येते,"
आणि आईला कळायचं.
पांढरी टोपी, सोनेरी काठ,
खाली जाड भिंगांचा चष्मा
आणि त्याच्या काडीला गुंडाळलेला वह्या शिवायचा दोरा.

दुकान कसलं, बोळकांडी.
दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली
की एकानं पाठ फुलस्केपच्या गठ्ठ्याला लावायची.
वास यायचा खळीचा, नव्या पेन्सिलींच्या लाकडाचा
आणि दुपारी एकनंतर मागच्या खोलीतून
पलिदूचा,
ज्याचं नाव मी पुष्कळ वर्षांनी शिकले.

तिथं सगळं सुटं मिळायचं.
सुटा कागद, सुटं पाकीट,
हरवलेल्या टोपणाचं सुटं टोपण.
एकदा मी नुसता कोनमापक मागितला
तर त्यांनी नवी कंपासपेटी फोडून दिला
आणि कोनमापकाविना ती पेटी
परत काचेच्या कपाटात ठेवली.
"कोणाचा तरी बाकीचा सगळा हरवेल ना," म्हणाले.

पेन घ्यायचं तर आधी "लखी जो".
लिहून बघ.
गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेले
छापखान्यातले पाठकोरे कागद.
त्यांच्यावरून सगळं बडोदं चालून गेलेलं.
दांडिया बाजारातली माणसं श्री काढायची.
मांडवीचे व्यापारी आकडे लिहायचे,
मोठे, कुणाकडेच नसलेले.
कॉलेजातली पोरं सह्या करायची, एकीखाली एक,
साहेब झाल्यावरच्या.
मी माझं नाव लिहायचे
आणि लगेच गिरगटून टाकायचे.

बाबा लिहायचे: सविनय सादर
एवढंच. दर वेळी. रेघ न आखता सरळ.
मग टोपण लावून म्हणायचे, "बरं आहे. द्या."

सविनय सादर काय, ते मी विचारलं नाही.
प्रतापनगरला रेल्वेच्या ऑफिसात
अठ्ठावीस वर्षं लोकांचे अर्ज पुढच्या टेबलावर सरकवणारा माणूस.
हाताला वळण पडलं असेल,
जसं पायाला पडतं चपलेचं.

बाबा गेले त्या वर्षी,
दिवाळीच्या आधी, वहीपूजनाचे चोपडे यायच्या दिवसांत,
मी गेले तर दुकानात चोपडे नव्हते.
शेल्फं भिंतीपासून सुटून उभी,
मुलगा, मुर्तझा, खोकी बांधत होता.
जागा दिली होती. कुणाला, ते मी ऐकलं आणि विसरले.
मुस्तनसिरभाई स्टुलावर, हातात काहीच नाही.
हातात काहीच नसलेले ते मी पहिल्यांदा पाहिले.

"तुझ्या पप्पानी एकदा पुढचा पण लिहिला होता," म्हणाले.
"पान भरून. उभ्या उभ्या.
मागे चार जण थांबलेले, तरी लिहितच होते.
मग पान फाडलं, घडी केली, खिशात.
पेनचे पैसे दिले आणि पेन इथंच विसरले."

काय लिहिलं होतं?

"मी वाचला नाय, बेन.
माणूस निब बघायला लिहितो,
आपण काय वाचायचा!"

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.
मी आठवू लागले, कोणतं वर्ष असेल,
तेव्हा मी कितवीत होते,
माझी फी कोणती होती,
आणि दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीच्याच वेळेला
सायकलला टांग मारून गेले असतील का.
गेलेच असतील.
मी घरात एकही दिवस त्यांना दुपारी पाहिलं नाही.

मुस्तनसिरभाई उठले, कपाट चाचपलं,
धुळीतून एक पत्र्याची पेटी काढून
टोपीइतक्याच पांढऱ्या रुमालानं पुसली.

"घे. पैसे नको.
कोनमापक नथी.
बाकी बधुं छे."